मुखपृष्ठाचा लाल वेबवर मळका दिसतो तेव्हा

जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं स्कॅन करून वेबवर चढवायचं काम मी करते. त्यात हमखास येणारी तक्रार अशी, की फोटोशॉपमध्ये साडीचा लाल अगदी छापल्यासारखा असतो आणि ब्राउझरमध्ये तीच साडी चार धुण्यांतून निघालेली वाटते. लोक लगेच स्कॅनरला नावं ठेवतात. बहुतेक वेळा घोळ असतो कलर प्रोफाइलचा.

फाइलमध्ये नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा रंग कोणता, ते प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या प्रोफाइलमधला शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ० (लाल, हिरवा, निळा या क्रमाने). नेमका तोच लाल अडोबी आरजीबीत, म्हणजे जास्त रंग मावणाऱ्या प्रोफाइलमध्ये, २१९, ०, ० असा लिहिला जातो. वाटेत प्रोफाइल गळलं, की ब्राउझर ते २१९ एसआरजीबीचंच धरून चालतो आणि लाल उतरतो.

म्हणून स्कॅन करताना ड्रायव्हरमधलं ऑटो कलर करेक्शन बंद ठेवा, १६ बिट टिफ (बारीक छटाही राखणारी मोठी फाइल) घ्या आणि ती अडोबी आरजीबीत खुशाल जपून ठेवा. छपाईची निळी-हिरवट शाई, म्हणजे सायन, एसआरजीबीत पुरती मावत नाही. मूळ प्रतीत ती राहिलेली बरी. डाग, सुरकुत्या, लेव्हल्स हे सगळं या १६ बिट प्रतीवरच उरका.

मग वेबसाठी वेगळी प्रत काढा आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबीत न्या. फोटोशॉपमध्ये ते एडिट मेन्यूत आहे, गिम्प या तशाच सॉफ्टवेअरमध्ये इमेज मेन्यूच्या कलर मॅनेजमेंटमध्ये. शेजारीच ‘असाइन’ असतं, त्याला हात लावू नका. कन्व्हर्ट रंग सांभाळून आकडे बदलतं; असाइन आकडे तेच ठेवून रंग बदलतं. फाइलला प्रोफाइलच नाही आणि ती कुठल्या प्रोफाइलमधली हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तेवढ्यापुरतं असाइन कामाचं. कन्व्हर्ट करताना रेंडरिंग इंटेंट (न मावणाऱ्या रंगांचं काय करायचं ते ठरवणारा पर्याय) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (गडद छटा सांभाळणारा पर्याय) चालू. त्यानंतर आकार कमी करा, ८ बिट करा, थोडं शार्पन करा.

जेपेग काढताना प्रोफाइल एम्बेड करायची टिक राहू द्या. नेहमीचं एसआरजीबी प्रोफाइल जेमतेम ३ केबीचं. ३०० केबीच्या चित्रात तेवढं वाचवणं म्हणजे निव्वळ कंजूषपणा. प्रोफाइल नसेल तर जास्त रंगांच्या मॉनिटरवर काही सॉफ्टवेअर चित्र उगाच भडक दाखवतात. शिवाय साइटवर फोटो लहान करणारी साधनं कधी कधी प्रोफाइल काढून टाकतात. इमेजमॅजिक या अशाच साधनातला ‘स्ट्रिप’ पर्याय ते हमखास काढून टाकतो. आधी कन्व्हर्ट केलेलं असेल तर तेव्हाही फारसं बिघडत नाही.

कृष्णधवल पानांकडे वेगळं लक्ष द्या. ती पुष्कळदा ‘डॉट गेन २०%’सारख्या (छपाईत शाईचे ठिपके पसरतात ते धरणाऱ्या) ग्रे प्रोफाइलमध्ये सेव्ह झालेली असतात आणि प्रोफाइल गेलं, की करड्या छटा सरकतात. तीही एसआरजीबीतच न्या. तपासणी मात्र फोटोशॉपमध्ये नको; साइटवर चढलेली फाइल उतरवून घ्या आणि प्रोफाइल शाबूत आहे का ते तिच्यात बघा.