पडद्यावरच्या कोरियाकडून पुस्तकातल्या कोरियाकडे

कोरियन चित्रपटांचा रसिक आवडत्या चित्रपटामागचे मूळ पुस्तक शोधू लागला, की त्याला लवकरच कळते, त्यातल्या अनेक गाजलेल्या चित्रपटांचे मूळ कोरियन नाहीच. ‘ओल्डबॉय’ जपानी चित्रकथेवरून, ‘द हँडमेडन’ सारा वॉटर्स या ब्रिटिश लेखिकेच्या कादंबरीवरून आणि ‘बर्निंग’ हारुकी मुराकामी यांच्या जपानी कथेवरून घेतला आहे. ‘पॅरासाइट’ तर थेट पडद्यासाठीच लिहिला गेला. म्हणून केवळ चित्रपटाच्या नावामागे न जाता, ज्या विषयांनी आपल्याला त्या चित्रपटांत खिळवून ठेवले त्या विषयांवरचे कोरियन कथासाहित्य वाचायला घ्यावे.

वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवावा: ही गोष्ट कोण सांगत आहे? चित्रपटात आपण पात्रांकडे बहुधा बाहेरून पाहतो. उत्तम कोरियन कथा मात्र एखाद्याच्या आवाजात आपल्याला कोंडून ठेवते आणि त्या आवाजावर किती विश्वास ठेवायचा हे आपल्यावर सोपवते. सांगलीच्या वाचकाला हे जड जाऊ नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले तेव्हापासून नाटकाशी नाते सांगणाऱ्या या गावाला स्वगत ऐकण्याची सवय आहे, आणि या कथा स्वगतासारख्याच कान देऊन वाचाव्या लागतात.

सुरुवात किम यंग-हा यांच्या ‘डायरी ऑफ अ मर्डरर’ या दीर्घकथेपासून करावी. ‘मेमॉयर ऑफ अ मर्डरर’ हा २०१७ चा चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे. अल्झायमरने स्मृती गमावत चाललेला एक वृद्ध खुनी आपल्या मुलीच्या मित्राकडे संशयाने पाहू लागतो, एवढे कथानक दोन्हींत समान आहे. चित्रपटात पाठलाग आणि झटापट आहे. कथेत तुटक टिपणे आहेत, आणि कोणत्या टिपणावर विश्वास ठेवावा हे प्रत्येक पानागणिक अवघड होत जाते. आधी चित्रपट पाहून मग कथा वाचल्यास हा फरक अधिक ठळकपणे जाणवतो आणि आवाजाकडे लक्ष देण्याची सवय लागते.

त्यानंतर वेळ काढून वाचावे ते हान कांग यांचे ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’. २०२४ चे साहित्याचे नोबेल मिळालेल्या या लेखिकेचा जन्म १९७० साली ग्वांगजू शहरात झाला, आणि मे १९८० मध्ये त्या शहरातला लोकशाहीवादी उठाव लष्कराने गोळ्या घालून चिरडला, त्याच्या थोडेच आधी त्यांचे कुटुंब सोलला गेले होते. ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’ पाहिलेल्यांना हा प्रसंग परिचित आहे. पण तिथे आपण सोलहून आलेल्या चालकासोबत शहरात शिरतो आणि त्याच्यासोबत बाहेर पडतो. हान कांग यांची कादंबरी जे बाहेर पडू शकले नाहीत त्यांची आहे. पहिल्याच प्रकरणात मृतदेहांची नोंद ठेवायला मदत करणाऱ्या शाळकरी मुलाला लेखिका ‘तू’ म्हणून हाक मारते. पुढे प्रत्येक प्रकरणात काळ आणि आवाज बदलतो, आणि त्यांतला एक आवाज तर मारल्या गेलेल्या मुलाचा आहे. वाचकाने प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी साल आणि बोलणारी व्यक्ती पेन्सिलीने समासात लिहून ठेवावी, आणि एका बैठकीत एकच प्रकरण वाचावे, कारण त्यातले दुःख घाईने वाचण्याचे नाही. सेन्सॉरने संहितेवर काट मारल्यावर नट रंगमंचावर तीच वाक्ये नुसते ओठ हलवून म्हणतात, तो भाग नाटकावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असे मला मनापासून वाटते.

या कादंबरीआधी इतिहासाचे मोजके टप्पे ठाऊक असावेत: १९१० ते १९४५ जपानची सत्ता, १९५० ते १९५३ युद्ध, १९६१ पासून लष्करी राजवट, १९८७ चे लोकशाही आंदोलन आणि १९९७ चे आर्थिक संकट. एवढी यादी मुखपृष्ठाच्या आत चिकटवली तरी पुरते.

‘पॅरासाइट’मधल्या तळघराने ज्याला अस्वस्थ केले, त्याने चो से-ही यांचे ‘द ड्वार्फ’ वाचावे. १९७८ साली पुस्तकरूपाने आलेल्या या परस्परांत गुंतलेल्या कथांमध्ये सोलच्या पुनर्विकासात घर पाडले गेलेले एक कामगार कुटुंब आहे. नव्या इमारतीतल्या सदनिकेचा हक्क त्यांना कागदावर मिळतो, पण ती घेण्याइतके पैसे नसल्याने तो हक्क विकावा लागतो. कोयना आणि चांदोलीच्या विस्थापितांच्या वसाहती ज्यांनी सातारा-सांगलीत पाहिल्या आहेत, त्यांना या कागदाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कथांचा क्रम मात्र मोडू नये. निवेदक बदलत गेल्याने एकाच घटनेच्या बाजू हळूहळू उलगडतात.

चो नाम-जू यांची ‘किम जियंग, बॉर्न १९८२’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा २०१९ चा चित्रपट ही जोडी सोपी आहे. कादंबरीत आकडेवारीच्या तळटीपा आहेत. त्या वगळू नयेत, कारण एका बाईची कहाणी अनेकींची कशी होते हे त्याच दाखवतात. शेवट दोन्हींत निराळा आहे, आणि मला पुस्तकाचा अधिक प्रामाणिक वाटतो.

मिरजेच्या वाचकाला एक वेगळी शिफारस करावीशी वाटते. इम क्वॉन-तेक यांचा ‘सोप्योन्जे’ हा १९९३ चा चित्रपट यी चोंग-जुन यांच्या कथांवर आधारलेला आहे. एक गायक आणि एक ढोलवादक मिळून दीर्घ आख्यान उभे करतात त्या पानसोरी गायकीसाठी गावोगाव भटकणारे कुटुंब आणि मुलीचा गळा घडावा म्हणून बापाने केलेले क्रौर्य, हा त्याचा विषय. अब्दुल करीम खाँ जिथे राहिले आणि जिथे आजही तंबोरे घडतात, त्या गावात सुरासाठी माणूस काय काय पणाला लावतो हे कळणारे कान आहेत. इथे आधी चित्रपट पाहून गायकी ऐकावी आणि मगच कथांकडे वळावे. ते स्वर मनात असले की पानावरही ऐकू येतात.

नावांनी गोंधळू नये. कोरियन नावात आडनाव आधी येते आणि लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. त्यामुळे आई आणि मुलाची आडनावे वेगळी दिसली तरी नाते तेच असते. पहिल्या काही पानांतच पात्रांची छोटी वंशावळ काढून ठेवावी.

ही पुस्तके इंग्रजी अनुवादात वाचायची, म्हणून निवडताना अनुवादकाचे नावही पाहावे. डेबोरा स्मिथ, ची-यंग किम, अँटन हर, ब्रूस आणि जू-चान फुल्टन या अनुवादकांपैकी एखाद्याचे काम आवडले, तर त्यांचीच दुसरी पुस्तके शोधणे हा नवे लेखक सापडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. इंग्रजी वाचनाचा सराव कमी असल्यास कादंबरीऐवजी कथा घ्यावी आणि अडलेल्या प्रत्येक शब्दासाठी न थांबता परिच्छेद पूर्ण करावा.

ही पुस्तके गावातल्या दुकानात समोर मांडलेली दिसतीलच असे नाही. पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवादक आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) चिठ्ठीवर लिहून दुकानदाराला मागणी द्यावी, आणि नगर वाचनालयाचे सभासद असाल तर तीच चिठ्ठी ग्रंथपालांनाही द्यावी. पहिल्या मागणीत ‘डायरी ऑफ अ मर्डरर’ आणि ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ ही दोनच नावे लिहावीत.