फ्रान्सची बार्ज ट्रिप बुक करताय? आधी कालवा ठरवा, बोट नंतर

हॉटेल बार्जचे, म्हणजे कालव्यातून हळूहळू जाणाऱ्या राहत्या बोटीचे, फोटो बघितले की सगळे थेट बोटीच्या मागे लागतात, केबिन केवढी, डेकवर हॉट टब आहे का, शेफ कोण, आणि कालवा कुठला तर एजंट सांगेल तो. हे उलटं करा. ब्रोशरमध्ये 'वाइन कंट्रीतून प्रवास' लिहिलेलं असलं तरी प्रत्येक कालव्याच्या काठाला द्राक्षं नसतात.

सगळ्यात फेमस, बरगंडी या वाइनच्या प्रदेशातला कनाल द बुर्गोन्य घ्या. 242 किमी लांब, 189 लॉक (बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले पाण्याचे हौद), 1832 मध्ये पूर्ण झालेला, भारी आहे यात वादच नाही. पण त्याच्या काठाने बहुतेक ठिकाणी दिसतं काय तर कुरणं, त्यात निवांत बसलेल्या पांढऱ्या शारोले गायी, झाडी आणि मधूनच एखादं दगडी गाव. न्वी-सँ-जॉर्ज, व्हूजो, बोन ही जी नावं बाटल्यांवर वाचतो ती गावं तिकडे कोत द'ओरच्या उतारावर, तिथे तुम्हाला बार्जची मिनीबस घेऊन जाते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. याला माझी काही तक्रार नाही, फक्त डेकवर ग्लास घेऊन समोर वेली बघायचं स्वप्न असेल तर आधीच कळलेलं बरं.

ते स्वप्नच असेल तर कनाल द्यू सांत्रचा शान्यी ते सांतने हा पट्टा बघा, तिथे मळे खरंच पाण्याजवळ येतात. शाम्पेन प्रदेशात मार्न नदीवर एपेर्नेच्या आसपासचा भागही तसाच. दक्षिणेला कनाल द्यू मिदी आहे, पिएर-पॉल रिके या माणसाने 1666 ते 1681 मध्ये बांधून घेतलेला, युनेस्कोच्या यादीतला, काठाला वेली भरपूर आणि ऊनही भरपूर. मात्र तिथले दोन्ही बाजूंनी झाडांची कमान असलेले फोटो बघून भुलू नका, 2006 पासून बुरशीच्या रोगामुळे हजारो प्लेन झाडं (आपल्या चिनारची भावंडं) तोडावी लागलीत आणि नवी झाडं अजून मोठी व्हायचीत. ऑपरेटरकडे या वर्षीचे फोटो मागा, मागायला लाजायचं नाही.

आता वेग. बार्ज ताशी 6 किमीच्या आसपास चालते, रात्री बांधून ठेवतात. बरगंडीतला एक नेहमीचा रूट एस्कोमहून दिजाँच्या दिशेने उतरतो, तेवढं अंतर गाडीने तासाभरात होईल, बार्जला आठवडा लागतो, कारण वाटेत पन्नासेक लॉक. 'इतके पैसे भरून एवढंच फिरायचं?' असं ज्यांना वाटतं त्यांनी सरळ राइनवरची मोठी क्रूझ घ्यावी, ती वेगळी मजा आहे. इथे लॉक हाच खेळ आहे. फ्रेंचांनी 1879 मध्ये कालव्यांचं एक माप ठरवलं, लॉकची रुंदी 5.20 मीटर आणि बार्ज जवळजवळ 5.05, म्हणजे दोन्ही बाजूला चार बोटांची जागा आणि त्यात कॅप्टन 38 मीटर लांबीचं धूड भिंतीला न घासता आत घालतो. मागचं दार बंद होतं, पुढून पाणी सोडतात किंवा खालून काढतात, आणि तुम्ही कॉफी पीत पीत एक मजला वर किंवा खाली जाता. बऱ्याच ठिकाणी लॉकवाला अजूनही हाताने हँडल फिरवतो. तुम्ही तिथेच उतरून बोटीवरची सायकल काढायची आणि काठाच्या जुन्या वाटेने पुढे जायचं, पुढच्या लॉकला तुम्हीच आधी पोचता.

सीझन एप्रिल ते ऑक्टोबर. मे-जून बेस्ट. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी असते (आपल्या नाशिककडे ती साधारण जानेवारी ते मार्च, म्हणून आपल्याला तो महिना पटकन सुचत नाही), बघायला मस्त, पण छोटे वाइनवाले तेव्हा इतके गडबडीत असतात की टेस्टिंगला वेळ देतीलच असं नाही. ऑगस्टमध्ये एक भानगड, पाऊस कमी झाला की वरच्या भागातले कालवे पाणी नाही म्हणून बंद ठेवतात. तेव्हा रूट बदलणार, पैसे परत देणार की बोट एका जागी उभी ठेवून बसने फिरवणार, हे बुकिंगच्या कागदात लिहून घ्या, फोनवरच्या 'डोन्ट वरी'वर जाऊ नका.

पैशाचं सांगायचं तर सहा रात्रींचे माणशी साधारण 5-6 हजार युरोपासून सुरुवात, वर कितीही. त्यात जेवण, वाइन, बार, फिरणं, सायकली आणि बहुतेक वेळा पॅरिस किंवा दिजाँहून ने-आण येते, विमान, व्हिसा आणि टिप येत नाही. टिप 5 ते 10 टक्के धरतात, शेवटच्या दिवशी कॅप्टनकडे पाकिटात द्यायची, सगळ्या क्रूमध्ये वाटली जाते, तेव्हा हा आकडा बजेटमध्ये आधीच घाला. आठ जणांचा ग्रुप असेल, दोन-तीन कुटुंबं मिळून, तर अख्खी बार्जच घ्या, मग जेवणाच्या वेळा आणि फिरायचं काय ते आपल्या मनासारखं ठरवता येतं. एवढं बजेट नसेल तर स्वतः चालवायची छोटी बोट भाड्याने मिळते, भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही, निघताना शिकवतात, फक्त दोर टाकायचे आणि स्वयंपाक करायचा तो तुम्हीच.

जेवण! व्हेज मंडळींनी इथे ढिलाई करू नका. बुकिंगनंतर आवडीनिवडीचा फॉर्म येतो, त्यात नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. अंडं चालतं का, मासे नाही म्हणजे नाही, सूपमध्ये चिकनचा किंवा बीफचा स्टॉक नको, जिलेटिन नको, हे एकेक ओळीत लिहा. एपॉइस, कोंते अशा पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, घरातल्या आजी किंवा जैन मित्र सोबत असतील तर हे आधीच बोलून घ्या. संकष्टीचा उपास असेल तर तारीख टाका, बटाटा, फळं, दही तिथे मिळतंच, साबुदाण्याची पिशवी मात्र तुम्ही न्या.

वाइनचं जुजबी तेवढं माहीत असू द्या. बरगंडीत लाल म्हणजे बहुतेक पिनो न्वार द्राक्षाची, पांढरी म्हणजे शार्दोनेची, पण लेबलवर द्राक्षाचं नाही, गावाचं किंवा मळ्याचं नाव असतं. खालून वर चार पायऱ्या: रीजनल, व्हिलाज, प्रमिए क्रू, ग्राँ क्रू. एकाच उतारावर मधल्या पट्ट्यात ग्राँ क्रू आणि खाली सपाटीला साधी, दोन्हींत मध्ये कधी कधी फक्त एक रस्ता, बसमधून जाताना गाइडला हे दाखवायला सांगा. टेस्टिंगला तोंडात घोळवून भांड्यात थुंकायचं असतं, त्यात काही असभ्य नाही, उलट सकाळी अकराला सगळं गिळत बसलात तर दुपारच्या जेवणापर्यंत आडवे. बोनला गेलात तर 1443 चं ऑस्पिस, गरिबांसाठी बांधलेलं हॉस्पिटल, रंगीत कौलांचं, ते चुकवू नका.

व्हिसा शेंगेन, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मे महिन्याचं जायचं असेल तर अपॉइंटमेंट लवकर पकडा, इन्शुरन्स किमान 30 हजार युरोचा लागतो. पॅरिसहून दिजाँ टीजीव्ही या फास्ट ट्रेनने दीड तासाच्या थोडं वर. आणि येताना बाटल्या उचलण्याआधी हिशोब करा, भारतात माणशी 2 लिटर ड्यूटी-फ्री, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या, तिसरीवर ड्यूटी भरावी लागेल, म्हणून नवराबायको दोघांच्या बॅगांमध्ये वाटून ठेवा आणि त्या हँडबॅगेत नाही, चेक-इनमध्ये, कपड्यांत गुंडाळून.