आदिवासी विद्यार्थी पदवीपर्यंत टिकावा म्हणून कॉलेजच्या कार्यालयाने काय करावं

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक या तालुक्यांतली कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल मुलंमुली आमच्याकडे येतात. बहुतेकांच्या घरातलं कॉलेजात पाऊल टाकणारं ते पहिलंच माणूस. हे लिहितेय ते माझ्यासारख्या लिपिकांसाठी, ग्रंथालयातल्या, प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांसाठी आणि वसतिगृहाच्या गृहपालांसाठी.

मधेच कॉलेज सोडलेल्या मुलांच्या फायली एकदा काढून बघा. बऱ्याच जणांचं पहिलं सत्र पास असतं. अडलेलं असतं भलतंच: जमा न झालेली शिष्यवृत्ती, थकलेलं खोलीभाडं, आडनावातली एक वेलांटी. ही सगळी कामं आपल्या टेबलावरची आहेत. प्राध्यापक कितीही चांगले असले तरी ती त्यांच्या हातात नाहीत.

सुरुवात प्रवेशाच्या दिवसापासून करा. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडे प्रवेशाच्या वेळी शिकवणी शुल्क मागायचं नाही, असे शासनाचे निर्देश आहेत. तरी ‘आधी भरा, मग परत मिळेल’ हे वाक्य खिडकीवर ऐकू येतंच. ते ऐकून बाप गुपचूप मागे फिरतो आणि पोरगी त्याच्यामागून जाते. वाद घालायला कोणी थांबत नाही. म्हणून फी-तक्त्याशेजारी एक कागद मोठ्या अक्षरांत लावा: कुठलं शुल्क आज भरायचं, कुठलं नाही.

त्याच दिवशी कागद तपासून घ्या. दहावीची गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला आणि बँक पासबुक चारही शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एका कागदावर गावित, दुसऱ्यावर गावीत. इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. जूनमध्ये सापडलं तर दुरुस्तीला वेळ असतो, जानेवारीत सापडलं तर वर्ष हातचं जातं. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असलं तरी अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला शिकवणी आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, हेही सांगा. नोकरदार आदिवासी पालक ‘आपल्याला काही मिळत नाही’ म्हणून अर्जच करत नाहीत.

आता सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे अर्जासोबत जोडलेल्या पासबुकावर जात नाहीत. आधारशी जे खातं जोडलेलं असेल त्यात जातात, आणि सहसा शेवटी जोडलेलं खातंच चालू असतं. सुरगाण्याकडची एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली होती. पोर्टलवर रक्कम ‘जमा’ दिसत होती, पासबुक कोरडं. वडील हात जोडून म्हणाले, “मॅडम, कोणी खाल्ले का पैसे?” मी म्हटलं, “दादा, बसा आधी. बघू.” आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधारला कुठल्या बँकेचं खातं जोडलंय ते, उघडायची तर ओटीपी हवा, आणि तो जाणार भावाच्या नंबरवर. भाऊ दिंडोरीला द्राक्षबागेत कामावर. त्याला फोन लावला, ओटीपी घेतला, आणि पडद्यावर भलत्याच बँकेचं नाव आलं. आठवडी बाजारात कोणीतरी अंगठा घेऊन खातं उघडून दिलं होतं, तिच्या लक्षातही नव्हतं. पैसे तिथे सुरक्षित होते. तेव्हापासून मी अर्ज भरण्याआधीच प्रत्येकाची सीडिंग स्थिती बघून घेते आणि बँकेचं नाव फायलीच्या पहिल्या पानावर लिहिते. चार-पाच मिनिटांचं काम आहे.

अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून त्रुटीसाठी परत पाठवलात तर त्याच दिवशी फोन करा. पोर्टलच्या संदेशावर विसंबू नका, गावात रेंज नसते. प्रवेशअर्जावर विद्यार्थ्याच्या नंबरखाली आणखी एक नंबर मागून घ्या: गावातल्या दुकानदाराचा, आशाताईंचा किंवा आश्रमशाळेतल्या सरांचा, ज्यांचा फोन लागतो त्यांचा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाले म्हणजे आता आपोआप मिळतील, असं मुलं धरून चालतात. निकाल लागला की यादी घेऊन एकेकाला गाठा.

व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जाणारे असतील तर जात वैधता प्रमाणपत्राचा, म्हणजे जातीचा दावा पडताळणी समितीने तपासून दिलेल्या दाखल्याचा विषय बारावीतच काढा. अनुसूचित जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश 6 सप्टेंबर 1950 चा आहे, म्हणून ही तारीख महत्त्वाची. त्याआधीची नोंद सापडली तर दावा भक्कम होतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर मुलं हताश होतात. त्यांना सांगा, तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना 14 ची नक्कल मागा. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी तिथे मिळतात. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाकडे वैधता असेल तर ती वंशावळीसकट जोडा. आणि एक कळकळीने सांगते: खिडकीवर, रांगेसमोर, “पवार? मग आदिवासी कसे?” असं विचारू नका. पवार, गायकवाड, जाधव ही आडनावं आदिवासींमध्येही आहेत. पडताळणी समितीचं काम समिती करेल. वर्गात जाऊन ‘एसटीवाल्यांनी उभं राहा’ म्हणून यादी करणंही बंद करा. नावांनिशी चिठ्ठ्या पाठवा.

राहण्याचं बघा. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मर्यादित असतात. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी 2016-17 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. जेवण, भाडं, निर्वाह यांचे पैसे खात्यात येतात. मात्र ते हप्त्यांनी येतात आणि घरमालक महिन्याला मागतो. 2018 मध्ये वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा जुलैत आदिवासी मुलंमुली पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: पैसे उशिरा आले तर जेवायचं काय? तो प्रश्न अजूनही डोक्यात ठेवून काम करा. पहिला हप्ता यायच्या आधीच्या महिन्यांत मुलगा सगळ्यात जास्त डळमळतो. तेव्हा विद्यार्थी साहाय्य निधीतून काही देता येतं का बघा आणि त्याला ‘कमवा आणि शिका’मध्ये लगेच घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ही कल्पना आहे, तिचा मान ठेवा. आदिवासी मुलांना दरवेळी मैदान झाडायला पाठवायचं आणि संगणकाचं काम दुसऱ्यांना द्यायचं, हे मला पटत नाही. त्यांना ग्रंथालयात बसवा, नोंदी करू द्या. पुस्तकं ओळखीची होतात, सर ओळखीचे होतात. ग्रंथपालांनी अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली तर फार मोठं काम होतं. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, तिथे वाचणार कुठे?

हजेरीचा आलेख बघायला शिका. मार्गशीर्षात कळवण-बागलाण पट्ट्यात डोंगऱ्यादेव असतो, कित्येक दिवसांचं व्रत आणि गावभर रात्री जागर. जानेवारीपासून द्राक्षाचा खुडा सुरू होतो आणि घरचे निफाड-दिंडोरीकडे कामाला उतरतात. मुलगाही जातो, कारण मजुरी रोख मिळते. “कुठे होतास?” असं दरडावलं की तो दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. आधीच विचारून ठेवा, कोण कधी जाणार आहे. विषयशिक्षकांशी बोलून अंतर्गत परीक्षेची दुसरी तारीख मागून घ्या. बहुतेक शिक्षक देतात, फक्त कोणीतरी मध्ये पडावं लागतं.

आश्रमशाळेतून आलेली मुलं दारात उभी राहतात, बोलावल्याशिवाय आत येत नाहीत. त्यांना बसायला खुर्ची द्या आणि काम झालं नसलं तरी पुढे काय, कधी, कोणाकडे, हे कागदावर लिहून द्या. ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवलेल्या मुलाचं एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडालेली असते.

शेवटचं तक्रारीबद्दल. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला. त्यानंतर कुठलाही टोमणा ‘थट्टा’ म्हणून सोडून द्यायचा अधिकार आपल्याला उरत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष ठेवायला सांगितलं आहे. आपल्या कॉलेजात तो कुठल्या खोलीत आहे, तिथे कोण बसतं, हे विद्यार्थ्याला सोबत नेऊन दाखवा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा 1800-180-5522 हा नंबर फलकावर ठेवा. तोंडी सांगितलेली तक्रार स्वतः लिहून घ्या, वाचून दाखवा, सही घ्या, आवक क्रमांक टाका आणि झेरॉक्स त्याच्या हातात द्या.