रस्त्याकडेच्या शेतातील शिसे: नमुना कसा घ्यावा

शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2021 मध्ये जगभर थांबली, पण धुरातून मातीत उतरलेले शिसे कुजत नाही. ते वरच्या थरातच चिकटून राहते आणि रस्त्यापासून दूर जाल तसे झपाट्याने कमी होते. म्हणून सगळ्या शेताचा एकच नमुना घेऊ नका. काठावरची दूषित माती आतल्या स्वच्छ मातीत मिसळली की आकडा फसवा येतो.

रस्त्याला समांतर, 5, 10, 25, 50 आणि 100 मीटरवर पट्टे आखा. प्रत्येक पट्ट्यात दहा ठिकाणची माती घेऊन एकत्र करा. नांगरट झालेली असेल तर 15 सेंटीमीटरपर्यंत, पडीक असेल तर फक्त वरची 5 सेंटीमीटर. खुरपे स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे हवे. रंग लावलेले नको, जुन्या रंगातही शिसे असते. माती सावलीत वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, अर्धा किलो पाठवा. प्रयोगशाळेला 'एकूण शिसे' स्पष्ट सांगा, नेहमीच्या माती परीक्षणात ते मोजत नाहीत.

आकडा जास्त आल्यास त्या पट्ट्यात पालेभाज्या आणि कंदमुळे टाळा. माती आम्लधर्मी असल्यास चुना घालून सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) 6.5 च्या वर न्या, म्हणजे मुळांना शिसे कमी मिळते.