प्रोसेस बंद करताना या चुका टाळा: सुरुवात -९ ने करू नका

लिनक्सवर प्रोग्रामने दोन सेकंद दाद दिली नाही की लगेच टर्मिनलमध्ये ‘किल -९’ (kill -9) मारायचं, ही सवय नवशिक्यांत इतकी मुरली आहे की नुसतं ‘किल’ही पुरतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं. ‘किल’ चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, सिग्नल पाठवतं. आकडा न देता चालवलं की १५ नंबरचा सिगटर्म जातो. म्हणजे ‘आवरा आणि निघा’ अशी सूचना. नीट लिहिलेला प्रोग्राम ती मिळाल्यावर अर्धवट लिखाण डिस्कवर उतरवतो, तात्पुरत्या फायली काढतो, लॉक सोडतो आणि मग थांबतो. ९ नंबरचा सिगकिल प्रोग्रामच्या हाती लागतच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, प्रोग्रामला परस्पर संपवतो. मग लॉक फाइल मागे राहते आणि पुढच्या खेपेला तोच प्रोग्राम ‘आधीच चालू आहे’ म्हणून अडून बसतो.

डेटाबेसवर तर हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार होतो. पोस्टग्रेस या डेटाबेसवर एखादी क्वेरी वीस मिनिटं रेंगाळते, ‘टॉप’ या चालू प्रोसेसच्या यादीत तिची बॅकएंड प्रोसेस (एक कनेक्शन सांभाळणारी) सगळ्यात वर दिसते आणि कुणीतरी तिच्यावर -९ चालवतं. पण पोस्टग्रेसच्या सगळ्या बॅकएंड एकच शेअर्ड मेमरी वापरतात. त्यातली एक अशी मध्येच गेली, तर त्या मेमरीत अर्धवट काही राहिलं नसेल याची मुख्य प्रोसेसला खात्री उरत नाही. ती बाकीच्या सगळ्या बॅकएंड बंद करते आणि रिकव्हरी सुरू करते. एका क्वेरीपायी सगळ्यांची कनेक्शन तुटतात आणि रिकव्हरी संपेपर्यंत नवं कनेक्शन मिळत नाही. त्याच प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी, पोस्टग्रेसच्याच ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ला दिला असता तर तेवढी क्वेरी थांबली असती, ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने फार तर ते एक कनेक्शन गेलं असतं.

माझा क्रम ठरलेला आहे: साधं ‘किल’, मग दहा सेकंद हात बांधून बसायचं. डेटाबेस किंवा मोठी रांग सांभाळणारा प्रोग्राम असेल तर एक-दोन मिनिटं. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टमडीसुद्धा सिगटर्मनंतर, वेगळी सेटिंग नसेल तर, सहसा ९० सेकंद थांबतं आणि मगच सिगकिल पाठवतं. माणसाने निदान तेवढा धीर धरावा.

त्या वेळात ‘पीएस’ कमांडच्या स्टॅट (स्थिती) रकान्याकडे बघा. तिथे ‘डी’ असेल तर प्रोसेस कर्नलच्या आत डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलसिस्टमची वाट बघत अडकली आहे. अशा वेळी -९ दहा वेळा मारलं तरी सहसा काही हलत नाही. दुरुस्ती डिस्कची किंवा माउंटची करायची असते. ‘झेड’ म्हणजे झोम्बी. ती मेलेलीच आहे, फक्त तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने, म्हणजे पॅरेंटने, तिचा निकाल उचललेला नाही म्हणून यादीत नाव उरलं आहे. मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही; ‘पीपीआयडी’ (पॅरेंटचा नंबर) बघून पॅरेंटला गाठा. पॅरेंट गेला की झोम्बी सहसा १ नंबरच्या (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या) प्रोसेसकडे जातो आणि ती त्याला साफ करते.

‘टी’ दिसलं तर बहुधा कुणीतरी कंट्रोल-झेड दाबलेलं असतं. कंट्रोल-झेडने प्रोग्राम बंद होत नाही, गोठतो. पोर्ट, मेमरी, उघड्या फायली सगळं धरून बसतो, म्हणून पुन्हा सुरू करताना ‘पोर्ट वापरात आहे’ असं उत्तर येतं. गोठलेल्या प्रोसेसला दुसऱ्या टर्मिनलवरून सिगटर्म पाठवला तर तो पडून राहतो, सिगकाँट (‘पुन्हा चालू व्हा’ हा सिग्नल) मिळेपर्यंत पोचत नाही. इथेच लोक वैतागून -९ कडे वळतात. त्याच टर्मिनलमध्ये ‘जॉब्स’ने गोठलेल्या कामांची यादी बघा, ‘एफजी’ने पुढे आणा, कंट्रोल-सी दाबा. झालं.

दुसरी खोड ‘पीकिल -एफ’ची. ‘पीकिल’ नंबराऐवजी नावावरून प्रोसेस शोधून सिग्नल पाठवतं. -एफ लावलं की पॅटर्न फक्त नावात नाही, पूर्ण कमांडलाइनमध्ये शोधला जातो. ‘वर्कर’ नावाची फाइल कुणी एडिटरमध्ये उघडून बसलं असेल, तर त्याचा एडिटरही जातो. याहून वाईट म्हणजे एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर) एकाच ओळीत ‘पीकिल -एफ वर्कर; ./चालू-करा’ असं पाठवणं. पलीकडचा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ही अख्खी ओळ आपल्या कमांडलाइनमध्ये घेऊन चालतो, म्हणजे तिच्यातही ‘वर्कर’ आलंच. ‘पीकिल’ स्वतःला वगळतं, त्या शेलला वगळत नाही. शेल मरतो आणि ओळीचा उरलेला अर्धा भाग चालतच नाही. जुना प्रोग्राम बंद, नवा सुरूच नाही, आणि जो सुरूच झाला नाही त्याच्या लॉगमध्ये कारण शोधण्यात तास जातात. पॅटर्नमधलं पहिलं अक्षर चौकोनी कंसात घाला, ‘[व]र्कर’ असं: रेगेक्स, म्हणजे शोधाचा नमुना, ‘वर्कर’शी जुळतो, पण शेलच्या ओळीतल्या कंसासकटच्या मजकुराशी जुळत नाही. मात्र ओळीत पुढे ‘./वर्कर-चालू’ असं काही असेल तर कंसाचाही उपयोग नाही. म्हणून आधी ‘पीग्रेप -एएफ’ने (ते नुसतं शोधतं, मारत नाही) यादी वाचून बघा. एकेक ओळ वाचा, नुसत्या मोजू नका. -एफ न लावता शोधत असाल तर लिनक्सवर नावाची फक्त पहिली १५ अक्षरं तपासली जातात. लांब नाव दिलंत तर काहीच सापडत नाही.

‘किल %१’ (‘जॉब्स’च्या यादीतलं १ नंबरचं काम बंद करणं) मधलं टक्क्याचं चिन्ह विसरू नका, ते गेलं की निशाणा १ नंबरच्या प्रोसेसवर. ‘किल -९ -१’ तर मुळीच नाही. परवानगी असलेली जवळपास प्रत्येक प्रोसेस त्याच्या तडाख्यात येते, आणि रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असाल तर अख्खं मशीन.

‘टॉप’मध्ये ‘के’ (‘किल’साठी) दाबून नुसतं एंटर केलं की सगळ्यात वरची प्रोसेस निवडली जाते, आणि ती यादी दर काही सेकंदांनी हलते. पीआयडी हाताने टाइप करा.

सिस्टमडीची सर्व्हिस ‘किल’ केली आणि ती लगेच परत आली, तर तिच्या युनिटमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) रीस्टार्ट लावलेलं आहे. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ वापरा.

कमांडच्या शेवटी ‘&’ लावलं म्हणजे लॉगआउटनंतरही काम चालू राहील, हा भरवसा धरू नका. लांबलचक काम असेल तर आधी टीमक्स (लॉगआउटनंतरही चालू राहणारं टर्मिनल) उघडा आणि त्यात चालवा.