मोह यायच्या आधीची प्रार्थना: बडोद्याच्या एका पर्चेसवाल्याची पद्धत

पर्चेस खात्यात दिवाळी ऑगस्टपासूनच सुरू होते. सप्लायर आधी डायरी-कॅलेंडर पाठवतो, मग मुलं कितवीत आहेत ते विचारतो, आणि एके दिवशी कोटेशनवरचं बोट न उचलता हळूच म्हणतो, "साहेब, तमारुं समजी लईशुं," म्हणजे तुमचं काय ते बघून घेऊ. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, माझी उभी नोकरी अशा वाक्यांच्या समोर बसून गेली. आता निवृत्त आहे. फत्तेगंजातल्या आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला येणाऱ्या मुलांना शिकवतो. त्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो: अंकल, प्रार्थना केली तरी मोह जात का नाही?

मी उलट विचारतो, प्रार्थना केली कधी? बहुतेकांनी ती मोबाईल हातात घेतल्यावर, रात्री बारानंतर, अर्धं मन आधीच हो म्हणून बसल्यावर केलेली असते. त्या वेळची प्रार्थना देव ऐकत नाही असं मी म्हणणार नाही. पण आपणच तेव्हा धड मागत नसतो.

गेथशेमाने बागेतली, येशूला पकडलं ती रात्र बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात नीट वाचा. शिपाई अजून आलेले नाहीत. येशू शिष्यांना म्हणतो, परीक्षेत पडू नये म्हणून जागे राहा आणि प्रार्थना करा. स्वतः तो तेच मागणं तीनदा मागतो. त्याचा शिष्य पेत्र झोपतो. थोड्या वेळानं दोघांवरही प्रसंग येतो: एक शांतपणे पकडणाऱ्यांसमोर उभा राहतो, दुसरा आधी तलवार उपसतो आणि मग अंगणात एका दासीसमोर येशूची ओळख साफ नाकारतो. पेत्र भित्रा नव्हता, तयारीचा तास त्यानं झोपेत घालवला होता. म्हणून माझी सगळी पद्धत आधीच्या तासाची आहे.

सकाळी, नाव घेऊन

प्रार्थनेची वेळ घड्याळाला आणि जागा खुर्चीला बांधा. आमच्याकडे ही वेळ सकाळच्या चहाच्या आधीची, कारण चहानंतर वर्तमानपत्र येतं, फोन येतो आणि मग देवाचा नंबर लागत नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं 1535 साली आपल्या न्हाव्याला, पेत्रसला, प्रार्थना कशी करावी हे सविस्तर लिहून दिलं होतं. त्यात तो बजावतो की 'थोडं थांब, तासाभरानं करीन, आधी हे एवढं उरकतो' या विचारापासून सांभाळ. पाचशे वर्षं होत आली, विचार तसाच आहे.

आणि मोघम मागू नका. 'प्रभू, मला सर्व पापांपासून दूर ठेव' ही प्रार्थना चुकीची नाही, पण तिच्यात कोणीच सापडत नाही. दिवसाची वही उघडा आणि आज नेमकं काय होणार आहे ते देवासमोर म्हणा. मी म्हणायचो: आज अकरा वाजता व्हॉल्व्हवाला येणार आहे, त्याचा रेट दुसऱ्यापेक्षा चढा आहे, तो काहीतरी देऊ करील, आणि मुलीची कॉलेजची फी भरायची आहे हे तुला माहीत आहे. फीचं बोलणं फार महत्त्वाचं. मोह बाहेरून आला तरी त्याला धरायला कडी आपल्या आतच असते. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हेच आहे: देव कोणाला मोहात घालत नाही, माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो. ती कडी रोज सकाळी देवाला दाखवायची, लाज वाटली तरी.

येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' आणि 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस; तर आम्हांला वाइटापासून सोडव' ही दोन्ही मागणी जवळजवळ आहेत. दोन्ही त्या दिवसापुरती. कालच्या भाकरीवर आज पोट भरत नाही, आणि कालच्या मागण्यावर आजचा व्हॉल्व्हवाला परतवता येत नाही.

एक वचन, पाठ

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान तीनदा येतो आणि तिन्ही वेळा येशू जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन सांगतो, सहाव्या आणि आठव्या अध्यायातलं. लांबलचक वाद घालत नाही. सैतानही वचन काढून दाखवतो, एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं! हे मुलांना सांगितलं की ती सावध होतात. माझ्या मनानंसुद्धा मला ऐकवलं आहे की कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे असं लूकमध्ये लिहिलंय, मग टक्का घेतला तर बिघडलं कुठे? वचन खरं होतं, वापरणारा लबाड होता. म्हणून एखादी ओळ हाताशी ठेवून भागत नाही, तिच्या मागचापुढचा अध्यायही वाचलेला हवा.

आपल्या नेमक्या दुबळेपणावर एकच वचन निवडा. पैशाचं असेल तर इब्री 13:5 घ्या, द्रव्यलोभ नको, जवळ आहे त्यात तृप्त राहा. रागाचं असेल तर याकोब 1:19. ऐन प्रसंगी मात्र एवढंही आठवत नाही, तेव्हा त्याहून लहान काहीतरी लागतं. पाचव्या शतकात जॉन कॅशियन या ख्रिस्ती संन्याशानं इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांची एक रीत लिहून ठेवली: सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा, माझ्या मदतीला धाव, दिवसभर मनात घोळवत राहायची. सुखातही, दुःखातही, जेवतानाही. मी स्कूटरवर तेच करायचो. बडोद्यातले काळा घोडा, दांडिया बाजार, लालबाग, जिथे सिग्नल लागेल तिथे एकदा. ऑफिसात पोचेपर्यंत ओळ जिभेवर बसलेली असायची आणि समोरचा पाकीट सरकवत असताना ती आपसूक यायची. मोठ्यानं म्हणायची गरज नाही. समोरच्याला फक्त 'नको' ऐकू आलं पाहिजे.

मग उठा

प्रार्थना केली म्हणजे खुर्चीत बसूनच लढायचं असं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, 10:13 मध्ये, पौल सांगतो की देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील. हा उपाय बहुतेक वेळा अगदी साधा असतो: दार. जुन्या करारातला योसेफ, मालकाची म्हणजे पोटीफरची बायको मागे लागली तेव्हा, तिच्या हातात वस्त्र टाकून पळाला, तिला प्रवचन देत बसला नाही. मी सप्लायरला एकट्यानं भेटणं बंद केलं, स्टोअर्समधला एक जण कायम शेजारी बसवला. मुलांना सांगतो, फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून दारूचा मोह नाही असं कोणी समजू नये, आणि ज्याला ती सुटत नाही त्यानं प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जावं. विश्वामित्री नदीत मगर कुठे असते हे ठाऊक असलेला माणूस देवाचं नाव घेऊन तिथेच पाय धुवायला बसत नाही.

वेळही ओळखा. सैतान येशूकडे आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर. माझ्याकडे महत्त्वाच्या 'ऑफर' संध्याकाळी सहाच्या सुमारास यायच्या, तेव्हा माणूस थकलेला असतो. त्या वेळी कुठल्याच पर्चेस ऑर्डरवर सही करायची नाही, हा मी नियम केला होता.

कोणाला तरी सांगा

आमच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं 1738 साली छोट्या गटांसाठी प्रश्न लिहून दिले होते. दर आठवड्याला भेटून एकमेकांना विचारायचं: मागच्या भेटीपासून कोणतं पाप घडलं, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली? आम्ही मेथडिस्ट हे सगळं विसरून फक्त वर्गणी आणि स्नेहभोजनापुरते उरलो आहोत, असं मी मंडळीच्या सभेतही बोललो आहे. मांजलपूरला राहणारा माझा एक मित्र आहे. दर शुक्रवारी आमचा फोन असतो, आणि दुसरा नि तिसरा प्रश्न आम्ही खरंच विचारतो. 'सुटका कशी झाली' याचं उत्तर देता देता पुढच्या वेळेची प्रार्थना तयार होते. माणूस मात्र तोंड बंद ठेवणारा निवडा. बायबल तोंडपाठ असून जीभ सैल असलेल्यापेक्षा दोनच वचनं येणारा गप्प माणूस बरा.

जेव्हा मागणंच कोरडं पडतं

हे मोहापेक्षा अवघड. माझ्या पत्नीचं आजारपण लांबलं तेव्हा सकाळच्या खुर्चीत बसून मी भिंतीकडे बघायचो. लोक घरी यायचे, खायला आणायचे, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण 'विश्वास कमी पडतोय' असं म्हणणाऱ्यांना मी चहासुद्धा विचारला नाही. पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक व्यथा, देवानं काढावी म्हणून तीनदा विनंती केली होती. काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर मिळालं. त्याचा विश्वास कमी होता का?

अशा काळात आपले शब्द शोधू नका, स्तोत्रांचे उसने घ्या. तेरावं स्तोत्र 'किती काळ' असंच विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे तशी प्रार्थना चालते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याचे दोन सल्ले मला फार कामाला आले (कॅथलिक माणसाचं ऐकतो म्हणून आमच्यातले काही नाक मुरडतात, मुरडू देत). पहिला, मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. दुसरा, अशा दिवशी प्रार्थनेला ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. मी पाच मिनिटं जास्त बसायचो. काही वाटायचं नाही. पण खुर्ची सोडायची नाही हे आधी ठरलेलं होतं, आणि त्या काळात तेवढंच माझ्या हातात होतं.

जुन्या करारातल्या एलिया संदेष्ट्याचीही गोष्ट लक्षात ठेवा. तो मरण मागत झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यानं तीन रात्री जागून प्रार्थना करण्यापेक्षा एक रात्र नणंदेला किंवा भावाला बसवून झोपून घ्यावं.

पडलात तर

पेत्रानं नाकारण्याच्या आधीच येशूनं त्याला सांगितलं होतं: मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडण्याआधीच उठण्याची सोय केलेली होती. त्यामुळे पडल्यावर आठवडाभर देवापासून तोंड लपवायचं कारण नाही. एक्कावन्नावं स्तोत्र मोठ्यानं वाचा. पाकीट घेतलं असेल तर दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच परत करा, साक्षीदार ठेवून, पावती घेऊन. खोटं बोलला असाल तर ज्याच्याशी बोललात त्यालाच गाठा. सकाळची खुर्ची त्या दिवशीही चुकवू नका. आणि आपल्या माणसाला सांगायला शुक्रवारची वाट पाहू नका, त्याच रात्री फोन लावा.