पावसाळी शनिवारी पोरांना पीएसव्हीचा इतिहास कसा सांगावा

बेळगावात जून लागला की मैदानं हातची जातात. जुलैत तर लेले मैदानावर बॉल उसळतच नाही, टाकला तिथंच पाण्यात बसतो. अशा शनिवारी प्रॅक्टिस रद्द म्हणून पोरांना घरी पाठवू नका. शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर मंडळाच्या हॉलमध्ये बसवा आणि एखाद्या क्लबचा इतिहास सांगा. मी पोरांना फुटबॉल शिकवतो आणि या कामाला नेहमी नेदरलँड्समधला पीएसव्ही आइंडहोव्हन घेतो. अॅमस्टरडॅमचा आयाक्स घेत नाही. आयाक्सचं नाव काढलं की एखादा त्यांच्या गाजलेल्या क्रायफवर घसरतो आणि तास तिथंच संपतो. पीएसव्हीबद्दल कुणाला फारसं ठाऊक नसतं, त्यामुळं पोरं ऐकतात.

सामान थोडं लागतं. फळा, खडू, एक जुना गोल पिवळा बल्ब आणि शेवटी पेनल्टी मारायला प्लॅस्टिकचा बॉल. मोबाइलवरचे गोल आधी दाखवायचे नाहीत. एकदा गोल दिसले की पोरं फळ्याकडं बघत नाहीत.

चषकांपासून सुरुवात करू नका. कोणत्या साली काय जिंकलं ही यादी म्हणजे पाढे, पोरं मान डोलवतात आणि दारातच विसरतात. क्लबला पैसा कुणी दिला आणि मैदानात कोण उतरलं, एवढे दोन धागे धरा. बाकीचं त्यात आपोआप ओवलं जातं.

मी बल्ब हातात धरून विचारतो, यावर काय लिहिलंय? फिलिप्स. मग फळ्यावर 1891. त्या साली खेरार्ड फिलिप्स आणि त्यांचे वडील फ्रेडरिक यांनी आइंडहोव्हनला बल्बचा कारखाना काढला. 1895 ला धाकटा भाऊ आंटोन आला. खेरार्ड यंत्रात रमणारा, आंटोन माल खपवण्यात तरबेज. ब्राबांट भागातलं ते लहानसं गाव कामगारांनी भरून गेलं आणि कंपनीनं त्यांच्यासाठी घरं बांधली. इथं पोरांना विचारा, गोकाक फॉल्स कुणी कुणी बघितलाय? सगळे हात वर. झुलता पूल सगळ्यांना आठवतो. पलीकडची सूतगिरणी आणि तिची कॉलनी आठवायला लावा. गिरणी, क्वार्टर्स, शाळा, मैदान, सगळं एकाच मालकाच्या सावलीत. एवढं डोळ्यापुढं आलं की आइंडहोव्हन वेगळं समजवावं लागत नाही.

1913 ला फ्रेंचांची सत्ता जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून तिकडं ठिकठिकाणी उत्सव होते. फिलिप्सनं कामगारांसाठी आपला सोहळा घेतला, आणि 31 ऑगस्ट 1913 हीच क्लबची स्थापनेची तारीख धरतात. पीएसव्ही म्हणजे फिलिप्स स्पोर्ट फेरेनिखिंग, फिलिप्सचं क्रीडा मंडळ. सुरुवातीला खेळायचं तर कंपनीत नोकरी हवी. 1929, 1935 आणि 1951 ला राष्ट्रीय विजेतेपदं मिळाली. ही तीन सालं फळ्याच्या कोपऱ्यात टाका आणि पुढं चला.

आता थांबायची जागा. 1954 पर्यंत डच फुटबॉल संघटनेला खेळाचे पैसे घेणं मंजूर नव्हतं. ज्याला पोटासाठी खेळायचं होतं तो फ्रान्सला, इटलीला जायचा, आणि गेला की राष्ट्रीय संघाचं दार त्याला बंद. मग 31 जानेवारी ते 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री समुद्राचे बांध फुटले आणि झेलंड भागात पाणी शिरलं. नेदरलँड्समध्ये 1836 माणसं गेली. हे सांगताना घाई करू नका. आमच्याकडं चिकोडी, निपाणीकडची दोन-तीन पोरं असतातच. 2019 ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं त्यांनी बघितलंय, नाहीतर घरात ऐकलंय. तीच पोरं बाकीच्यांना पूर सांगतात, मी गप्प बसतो.

बाहेर खेळणाऱ्या त्या डच खेळाडूंनी पूरग्रस्तांसाठी मॅच ठरवली. 12 मार्च 1953, पॅरिस, समोर फ्रान्सचा संघ. ज्यांना घरच्या संघटनेनं बाजूला ठेवलं होतं त्यांनी फ्रान्सला 2-1 हरवलं. मायदेशी लोक म्हणू लागले, अहो, ही आपलीच पोरं आहेत की, मग ती बाहेर का? पुढच्याच वर्षी, 1954 ला, नेदरलँड्समध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं. 1956 ला एरेडिव्हिसी म्हणजे वरची लीग आली. कारणं आणखीही होती, पण पोरांना ही मॅच पुरे.

त्या पॅरिसच्या संघातला एक बुटका खेळाडू लक्षात ठेवायला सांगा: केस रायफर्स. त्याचं नाव फळ्यावर लिहून भोवती गोल काढा, अर्ध्या तासानं तो परत येणार आहे. मी एवढं म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "सर, कधी येतोय ओ तो?" कन्नड शाळेतली पोरंही आमच्यात बसतात. त्यांच्यासाठी नाव आणि साल मोठ्या अक्षरात लिहा, आकडे दोन्हीकडं एकच.

मधला काळ दोन आकड्यांत उरका. एरेडिव्हिसीच्या पहिल्याच मोसमात, 1956-57 ला, पीएसव्हीच्या कून डिलननं 43 गोल केले. एका मोसमातला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. दुसरा आकडा 311. विली फान डर काउलनचे एरेडिव्हिसीतले एकूण गोल, त्यातले 308 पीएसव्हीसाठी. हाही विक्रम त्याच्याच नावावर आहे. आमचे फॉरवर्ड हा आकडा ऐकून एकमेकांकडं बघतात. बघू द्या.

1972 ला क्लबचा प्रशिक्षक म्हणून कोण आला? गोलातलं नाव वाचायला लावा. रायफर्स 1980 पर्यंत राहिला. त्याच्या हाताखाली 1975, 1976 आणि 1978 ला लीग जिंकली आणि 1978 ला यूएफा कप ही युरोपातली क्लबांची स्पर्धाही. फायनल दोन मॅचची. पहिली कोर्सिका बेटावर, बास्तिया क्लबच्या मैदानात, पावसानं चिंब झालेल्या चिखलात, 0-0. खिडकीतून आपलं मैदान दाखवून "असंच" एवढंच म्हणा. घरच्या मॅचला पीएसव्हीनं 3-0 मारलं.

मग 1988. इथं खडू ठेवायचा. त्या मोसमात पीएसव्हीनं लीग, देशाचा कप आणि युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) असे तिन्ही घेतले. प्रशिक्षक गुस हिडिंक. आणि युरोपियन कपात उपांत्यपूर्व फेरीपासून पुढं एकही मॅच जिंकली नाही! फ्रान्सच्या बोर्दोशी 1-1 आणि 0-0. रेआल माद्रिदशी 1-1 आणि 0-0. फायनलला पोर्तुगालच्या बेनफिकाशी 0-0. पोरं ओरडतात, "मग कप घेतला कसा ओ?" बाहेरच्या मैदानावरचा गोल बरोबरीत जास्त धरायचे, तो जुना नियम इथंच समजवा. बोर्दो आणि माद्रिद, दोन्हीकडचा 1-1 बाहेरचाच होता.

फायनल 25 मे 1988 ला स्टुटगार्टला. ती पेनल्टींवर सुटली; सांगू नका, खेळवा. दहा पोरं बाराच्या जागी चालणार नाहीत, बारा लागतात. सहा पीएसव्हीचे, सहा बेनफिकाचे. पीएसव्हीची रांग अशी: कूमन, कीफ्ट, निल्सन, फानेनबर्ग, लेर्बी, यान्सन. पीएसव्ही आधी मारणार. प्रत्येक जण गोल करेपर्यंत परत मारेल, कारण पहिले अकराही किक आत गेले होते. बारावा बेनफिकाचा वेलोझो. गोलात हान्स फान ब्रॉइकेलन. याआधी पोरांना सांगून ठेवा, यान रेकर नावाचे प्रशिक्षक पेनल्टी मारणाऱ्यांच्या सवयींची कार्डं ठेवायचे आणि ती माहिती या गोलकीपरला मिळाली होती. वेलोझोची किक त्यानं उजवीकडं झेपावून अडवली. 6-5. आमच्यात यानंतर गोलकीपर वही घेऊन येतात; आठवडाभर टिकते, पण टिकते.

ब्राझीलचे दोन खेळाडू इथं येऊन गेले: रोमारियो 1988 ते 1993, रोनाल्डो 1994 ते 1996, दोघांचा युरोपातला पहिला क्लब हाच. "कुठला रोनाल्डो?" हा वाद सुरू झाला तर दोन मिनिटांत आवरा.

शेवटी पैशाचा धागा पुरा करा, बहुतेक जण तो सोडूनच देतात. 1982 पासून शर्टावर फिलिप्सचं नाव होतं, 2016 ला ते गेलं. 2011 ला पैशाची तंगी आली तेव्हा आइंडहोव्हन नगरपालिकेनं स्टेडियमखालची जमीन विकत घेतली आणि क्लबला भाड्यानं दिली. स्टेडियमचं नाव मात्र फिलिप्सच राहिलं. आंटोनचा मुलगा फ्रिट्स कंपनीचा मुख्य होता, तरी मॅच साध्या स्टँडमध्ये लोकांत बसून बघायचा. 2005 ला शंभरी ओलांडून गेला.

एक प्रश्न येणारच: आयाक्स मोठा की हा? खरं सांगा. आयाक्सचे युरोपियन कप चार, पीएसव्हीचा एक, फेयेनूर्ड या आणखी एका डच क्लबचाही एक. मग पुढच्या पावसाळी शनिवारचं काम वाटून द्या. फेयेनूर्ड एका जोडीला: 1908, रॉटरडॅमचा दक्षिण भाग, 1970 ची सेल्टिकविरुद्धची फायनल. स्पार्टा रॉटरडॅम दुसऱ्या जोडीला: 1888, नेदरलँड्सच्या व्यावसायिक क्लबांत सगळ्यात जुना. अट एकच, पहिलं वाक्य चषकाचं नको.